पापणीची घडी

पापणीचे केस कुठे वळतील हे त्यांच्या लांबीवर फारसं ठरत नाही. ते ठरतं त्यांच्या वर साधारण सात ते दहा मिलिमीटरवर, कातडीत पडणाऱ्या एका घडीवर. आरशासमोर उभं राहून डोळे सावकाश मिटले आणि उघडले, की ती दिसते. डोळा उघडणारा स्नायू खोबणीत खूप मागे सुरू होतो, पुढे येऊन पापणीतल्या कडक पट्टीला धरतो (डॉक्टर या पट्टीला टार्सस म्हणतात) आणि त्याचे काही बारीक तंतू कातडीपर्यंत पोचतात. स्नायू आखडला की पट्टी वर जाते, तंतू कातडीला आत ओढतात आणि तिथे घडी पडते. घडीखालची कातडी ताणली जाते, केसांची मुळं किंचित वर कलतात, आणि केस पुढे येऊन वर वळलेले दिसतात. निऱ्यांना योग्य जागी टाचणी लागली की खालचा घोळ आपोआप नीट पडतो, तसंच हे आहे.

ज्यांच्यात हे तंतू कातडीला फार खाली धरतात किंवा तिथवर पोचतच नाहीत, त्यांच्या पापणीवर घडी दिसत नाही. वरची कातडी सैलपणे उतरते, केसांच्या मुळांवर टेकते, केस खाली झुकतात आणि त्यांचा काही भाग कातडीखाली झाकला जातो. जपान, कोरिया, चीनमधल्या पुष्कळ लोकांचे आणि आपल्या ईशान्येकडच्या राज्यांतल्या अनेकांचे डोळे असे असतात. हा आजार नाही. तरीही १८९६ साली कोतारो मिकामो या जपानी डॉक्टरांनी रेशमी टाके घालून अशी घडी तयार करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्यांच्यापुढे आलेल्या स्त्रीच्या एका डोळ्याला घडी होती, दुसऱ्याला नव्हती. दोन्ही डोळे सारखे करणं एवढंच तेव्हा काम होतं. पुढे त्यातून ‘डबल आयलिड’ या नावाने ओळखली जाणारी शस्त्रक्रिया वाढली आणि पूर्व आशियात ती आज सर्रास होते.

या शस्त्रक्रियेनंतर केस लांब झाल्यासारखे वाटतात. एकही केस वाढलेला नसतो. झाकलेला भाग उघडा पडतो आणि मुळांचा कल बदलतो, इतकंच. पण हा कल फार नाजूक असतो. कातडी पट्टीला सैल बांधली तर काही महिन्यांत घडी विरते आणि केस पुन्हा खाली येतात. फार घट्ट किंवा फार वर बांधली तर पापणीची कड बाहेर उलटते, केस ताठ उभे राहतात, मुळाशी आतला गुलाबी पडदा दिसू लागतो आणि डोळा कोरडा पडतो. चांगला सर्जन टाका घालताना केसांकडे बघत असतो. केस किती उठले यावरून त्याला टाक्याचा ताण कळतो. सुरुवातीचे काही आठवडे सूज असते, पापणीच्या कडेला बधिरपणा असतो, क्वचित थोडे केस गळतात. मुळं शाबूत असली तर ते परत येतात.

हौसेखातर अशी घडी करून घेतलेलं कुणी जळगाव-धुळ्यात माझ्या माहितीत नाही. आमच्याकडे बहुतेकांना ती जन्मतः असते आणि तिच्याकडे कुणाचं लक्षही जात नाही. पण घडी, पापणीची कड आणि केस यांचं हे नातं मी घरातल्या घरात दोनदा जवळून पाहिलं आहे, एकदा आजीच्या डोळ्यांत आणि एकदा भाचीच्या. दोघींचं दुखणं वेगळं, वय वेगळं, काळ वेगळा. तरी दोघींच्या बाबतीत आजूबाजूच्या माणसांनी जे पाहिलं आणि त्या दोघींनी जे अनुभवलं, त्यांत मोठं अंतर होतं. त्या अंतराबद्दल मला लिहायचं आहे.

आजी शिंदखेडा तालुक्यातली. घरात सगळे तिला मायच म्हणत, आम्ही नातवंडंसुद्धा. धुळे जिल्ह्याचा तो भाग पाण्याला कायम महाग. उन्हाळ्यात विहिरीच्या तळाशी बादली खरवडत जाई, आणि पाणी आधी गुरांना, मग स्वयंपाकाला, मग उरलंच तर तोंड धुवायला. लहानपणी तिचे डोळे सारखे यायचे. गावात त्याला खुपऱ्या म्हणत. शास्त्र त्याला ट्रॅकोमा म्हणतं. एक जिवाणू, डोळ्यांवर बसणाऱ्या माश्या, एकाच पदराने पुसलेली चार पोरांची तोंडं, एवढ्यावर तो पसरतो. एकदा होऊन गेला तर फारसं बिघडत नाही. पण लहानपणी तो पुन्हा पुन्हा झाला की वरच्या पापणीच्या आतल्या बाजूला वण धरतात, ते वर्षानुवर्षं आक्रसत जातात, आणि मोठेपणी पापणीची कड आत वळते. केस बुबुळावर घासू लागतात. माणूस मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापणी लववतो, म्हणजे दिवसाकाठी दहा हजारांच्या वर. त्या प्रत्येक वेळी केस बुबुळावरून फिरतात. बुबुळ खरवडून पांढरं पडतं आणि नजर जाते. बायकांमध्ये या रोगाने आलेलं अंधत्व पुरुषांच्या चौपटीपर्यंत आढळतं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, कारण लहान मुलांना अंगाखांद्यावर घेऊन बसणाऱ्या त्याच असतात.

मायच्या कनवटीला पितळेचा एक छोटा चिमटा असे. दुपारची कामं उरकली की ती ओट्यावर उजेडाला तोंड करून बसे आणि शेजारच्या काकूंना हाक मारी. “डोयामा केस टोचतस” एवढंच म्हणे. काकू तिची पापणी अंगठ्याने वर धरत आणि एकेक केस उपटत. दोन-चार दिवस बरं वाटे. मग केस परत उगवत, आणि अर्धवट तुटलेला केस तर पूर्ण केसापेक्षा जास्त टोचे. आम्ही पोरं ते खेळ बघावा तसं बघत बसायचो. घरात कुणालाही ते दुखणं वाटलं नाही, कारण मायचा चेहरा वाईट दिसत नव्हता. डोळे थोडे लाल, थोडे बारीक. म्हाताऱ्या बाईचे डोळे असेच असतात, असं सगळे धरून चालले होते. ती उन्हात कापूस वेचायला जाई, तेव्हा पदर नाकापर्यंत ओढून घेई. ते लाजेपोटी असेल असं मला वाटायचं. ते प्रकाश सहन होत नाही म्हणून होतं.

आपल्याच वैद्यकाने हे दुखणं किती आधी नीट पाहिलं होतं, हे मी पुढे वाचलं. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात पक्ष्मकोप या नावाने पापणीचे केस आत वळण्याचा विकार येतो. तो पूर्ण बरा होणारा नाही, पण ताब्यात ठेवता येतो अशा गटात घातला आहे. त्यावरची शस्त्रक्रिया अशी: भुवईखालचे दोन भाग सोडायचे, केसांच्या बाजूचा एक भाग सोडायचा, आणि मधल्या जागेतून जवाच्या दाण्याच्या आकाराची कातडी डोळ्याच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत आडवी काढायची. मग केसाच्या दोऱ्याने ती शिवायची, वर तूप आणि मध लावायचा, कपाळाला पट्टी बांधून टाक्यांची टोकं तिला अडकवायची, आणि जखम धरली की टाके सोडायचे. कपाळाच्या पट्टीचं कारण सरळ आहे. जखम भरेपर्यंत पापणीची कड वर ओढलेली राहिली पाहिजे, म्हणजे केस बाहेर वळलेलेच राहतील. इतकं करूनही भागलं नाही तर पापणी उलटून केसांची ओळ अग्नीने किंवा क्षाराने जाळायला सांगितलं आहे. आज विजेच्या सुईने केसांची मुळं जाळतात.

कातडीची जवाच्या आकाराची पट्टी, भुवई आणि केस यांच्यामधली नेमकी जागा, कडेला वर ओढणारा टाका. सोलमधल्या सौंदर्य-शस्त्रक्रियेच्या दवाखान्यात हेच तीन घटक असतात. जुन्या वैद्याला केस बुबुळावरून दूर करायचे होते, सोलच्या सर्जनला ते लोकांच्या नजरेसमोर आणायचे आहेत. मला या जुन्या मजकुरात सर्वांत मोलाची वाटते ती त्यातली मोजणी. भुवईपासून केसांपर्यंतचा प्रदेश डोळ्यांनी वाटून घेऊन हात चालवणारा तो वैद्य केसांचा कल बघत होता. आजचा सर्जनही तेच करतो.

मायची शस्त्रक्रिया धुळ्यात झाली, तेव्हा ती साठीच्या पुढे होती. पापणीच्या कडेपासून काही मिलिमीटरवर आडवा छेद घेतात, कडेचा भाग बाहेर फिरवतात आणि तो फिरलेलाच राहील अशा बेताने टाके घालतात. जागा सुन्न करून, अर्ध्या तासाच्या आत एक डोळा. पट्टी सुटल्यावर काही दिवसांनी गावातल्या बायका बघायला आल्या. पापणी थोडी जाड दिसत होती, तिच्यावर एक नवी, ठसठशीत घडी पडली होती आणि केस, जे कुणाला कधी दिसलेच नव्हते, ते बाहेर आले होते. “माय, डोळे कसे मोठे झाले गं तुझे!” असं एकीने म्हटल्याचं मला आठवतं. सगळ्या हसल्या. माय हसली नाही. ती कुणाकडे न बघता सारखी पापण्या मिटत होती आणि उघडत होती. बरीच वर्षं मिटण्याला जी भीती चिकटली होती ती गेली की नाही, हे ती तपासत होती असं मला आज वाटतं.

भाचीची गोष्ट जळगावची. ती जन्मली तेव्हापासून तिची उजवी पापणी अर्धी खाली होती. पापणी उचलणारा स्नायूच जन्मतः दुबळा असतो, त्याला टोसिस म्हणतात. अशा पापणीवर घडी जवळजवळ नसते, आणि ज्या कारणाने घडी नसते त्याच कारणाने केस खाली झुकलेले असतात. म्हणजे एका डोळ्यापुरती तिची पापणी घडी नसलेल्या पापणीसारखी होती. भाची हनुवटी वर करून बघायची, उजवी भुवई कायम चढलेली असायची. शाळेत तिला झोपाळू म्हणत. बाहुली झाकली जात असेल आणि लहानपणीच उपचार झाले नाहीत, तर मेंदू त्या डोळ्याकडून येणारं चित्र घेणंच सोडून देतो. तो ‘आळशी डोळा’ पुढे चष्म्यानेही सुधारत नाही. तिच्या बाबतीत सुदैवाने बाहुली पूर्ण झाकली गेली नव्हती. आज राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत आणि शाळांत मुलं तपासतात. भाची लहान होती तेव्हा तो कार्यक्रम नव्हता.

तिच्या डोळ्याचा विचार घरात गांभीर्याने सुरू झाला तो लग्नाचं बोलणं निघाल्यावर. बायोडाटाबरोबर फोटो जायचा, फोटोत ती डावी बाजू पुढे करायची, आणि बघायला आलेली मंडळी चहा पिता पिता उजव्या बाजूला सरकून बसायची. सराफ बाजारातल्या सोन्याची बोलणी होण्याआधी पापणीची बोलणी व्हायची. मला त्या घरांचा राग येतो, आजही येतो. पण त्याच वेळी माझ्या भावाने जे म्हटलं तेही मला पटलं नाही. “दिसण्यासाठी कशाला कापायचं, देवाने दिलंय तसं राहू दे.” आरोग्य विम्याच्या कागदावरही हाच प्रश्न होता: शस्त्रक्रिया उपचारासाठी की सौंदर्यासाठी? सौंदर्यासाठी असेल तर विमा पैसे देत नाही. एका मुलीची मान दुखते, वाचताना डोकं मागे टाकावं लागतं, लोक तिच्या डोळ्याकडे बघून बोलणं विसरतात. यातलं उपचार किती आणि सौंदर्य किती? पापणी तर एकच आहे.

मुंबईतल्या डॉक्टरांनी पारदर्शक पट्टी डोळ्यासमोर धरून मोजमाप केलं. बाहुलीच्या मधोमध टॉर्चचा जो ठिपका दिसतो, तिथून पापणीच्या कडेपर्यंतचं अंतर निकोप डोळ्यात चार-पाच मिलिमीटर असतं. तिचं जेमतेम एक होतं. खाली बघून मग वर बघायला सांगितलं, तर पापणी सहा मिलिमीटर सरकली. म्हणजे स्नायूत जीव होता, तो आखूड करून पुढे बांधता येणार होता. स्नायू अगदीच निकामी असता तर पापणी कपाळाच्या स्नायूला टांगावी लागली असती. मग त्यांनी डाव्या डोळ्याची घडी मोजली, केसांचा कल बाजूने पाहिला, आणि म्हणाले, “घडी डाव्या डोळ्याइतक्याच उंचीवर करू. केस उचलले गेले नाहीत तर डोळा उघडा असूनही झोपलेला दिसेल.” भाचीने विचारलं, “आणि फार उचलले गेले तर?” “तर डोळा मिटणार नाही,” डॉक्टर म्हणाले. त्यांनी ते लपवलं नाही, म्हणून मी त्यांच्यावर विश्वास ठेवला.

शस्त्रक्रियेनंतर सूज उतरल्यावर सगळ्या घराने दोन्ही डोळे सारखे झाल्याचं पाहिलं. भाचीने वेगळंच सांगितलं: “आत्या, वर बघताना आता केस दिसत नाहीत.” तिला आजवर जगाच्या वरच्या काठाला काळ्या रेघा दिसत होत्या, झुकलेल्या केसांच्या. सगळ्यांना त्या दिसतात असं तिला वाटायचं. त्याचबरोबर एक त्रासही आला. झोपेत तिचा उजवा डोळा आता किंचित उघडा राहतो. या शस्त्रक्रियेनंतर असं बऱ्याचदा होतं. मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला आणि गरम वारा घरात धूळ लोटू लागला की सकाळी तो डोळा लाल होतो. रात्री मलम, दिवसा थेंब, दुचाकीवर गॉगल. केस बाहेर आले म्हणून धुळीपासून थोडा आडोसाही मिळाला असावा. २०१५ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी सस्तन प्राण्यांच्या पापण्यांचे केस मोजून आणि वाऱ्याच्या बोगद्यात नमुने ठेवून दाखवलं, की केस डोळ्याच्या रुंदीच्या साधारण एक तृतीयांश लांबीचे असले तर ते डोळ्यावरून जाणारा वारा अडवतात, ओलावा टिकवतात आणि धूळ कमी येऊ देतात. त्याहून लांब केस उलट वारा आत खेचतात. जळगावच्या ब्यूटी पार्लरांत लग्नसराईत चिकटवले जाणारे लांबलचक केस बघताना मला हे आठवतं.

भाची पुण्यात शिकत असताना तिच्या खोलीत मणिपूरची एक मुलगी राहायची. तिच्या पापण्यांना घडी नव्हती. ती सकाळी पापणीवर पातळ टेप चिकटवून घडी पाडायची. मस्कारा लावला तर तो दुपारपर्यंत वरच्या कातडीला लागून पसरायचा, कारण केस कातडीलाच टेकलेले असायचे. तिला रस्त्यात काय काय नावांनी हाका मारल्या जायच्या ते भाचीने मला सांगितलं, आणि ते मला इथे लिहायचं नाही. तिने शस्त्रक्रियेचा खर्च, डाग, धोके सगळं शोधून ठेवलं होतं. भाचीने तिला आपली पापणी जवळून दाखवली, टाक्याचा बारीक वण दाखवला, रात्री न मिटणारा डोळाही दाखवला. त्या मुलीने शेवटी शस्त्रक्रिया केली नाही. का नाही, हे मी विचारलं नाही. तिने केली असती तरी मी तिला दोष दिला नसता. तिच्या डोळ्यात केस टोचत नव्हते, तिची नजर स्वच्छ होती, पापणी पूर्ण मिटत होती. तिला जे टोचत होतं ते रस्त्यावरून येत होतं, आणि त्याचा इलाज तिच्या पापणीत शोधायला लागावा हे आपल्या शहरांना शोभणारं नाही. पण पापणी तिची आहे. टाका कुठे बसतो, केस किती उठतात, काय बिघडू शकतं, हे सगळं सांगून मग निर्णय तिच्यावर सोडायला हवा.

भाचीच्या बाबतीतही मला हेच वाटतं. तिने स्वतःसाठी शस्त्रक्रिया केली की लग्नासाठी, हा प्रश्न घरात अजून निघतो. मला तो अन्यायाचा वाटतो. मायने केस बाहेर वळवले तेव्हा तिला कुणी विचारलं नाही की हे दिसण्यासाठी का. कारण म्हाताऱ्या बाईच्या दिसण्याची कुणाला पर्वा नव्हती. आणि त्याच कारणाने तिच्या दुखण्याचीही बरीच वर्षं कुणाला पर्वा नव्हती. चेहरा तरुण असला तर आपण त्याला दिसण्याच्या तराजूत घालतो, म्हातारा असला तर मुळीच बघत नाही. दोन्ही वेळा डोळ्याच्या आतल्या बाजूने काय चाललं आहे हे विचारायचं राहून जातं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून ट्रॅकोमा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून हटल्याचं मान्य केलं. १९६३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रमापासून हे काम चालू होतं. या घोषणेआधी २०१४ ते २०१७ च्या सर्वेक्षणात मुलांमधल्या चालू संसर्गाचं प्रमाण ०.७ टक्क्यांवर आलं होतं. ही फार मोठी गोष्ट आहे, आणि नळाला पाणी, शौचालय, प्रतिजैविकं यांचा तीत वाटा आहे. पण ज्या बायकांच्या पापण्यांत पन्नास-साठ वर्षांपूर्वी वण धरले, त्यांचे वण या घोषणेने जात नाहीत. रोग आटोक्यात आल्यानंतरही त्यांचे केस आत वळत राहणार.

खानदेशात दर हिवाळ्यात नेत्रशिबिरं भरतात. रांगेत बसलेल्या आज्यांचे डोळे मोतीबिंदूसाठी बघितले जातात, बहुतेकदा घाईत, बॅटरीचा झोत बाहुलीवर टाकून. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी पापणीचे केस आत वळलेले नाहीत ना हे पाहणं तसंही आवश्यक असतं, कारण त्यांच्यामुळे जखमेला संसर्ग होऊ शकतो. तेवढ्या वेळात झोत थोडा बाजूला वळवून केसांच्या मुळांकडे बघता येईल, आणि “डोळ्यात काही टोचतं का, चिमटा लावता का?” असं विचारता येईल. आशा सेविका घरोघरी जातात, त्यांना हा एक प्रश्न विचारायला शिकवलं तर उत्तर लगेच मिळेल, कारण चिमटा कुठे ठेवला आहे हे त्या घरातल्या प्रत्येक बाईला माहीत असतं. धुळ्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावातही २०१८ पासून आहे. केस बाहेर वळवण्याची ही शस्त्रक्रिया पूर्ण भूल न देता, नुसती पापणी सुन्न करून होते, आणि बाई त्याच दिवशी घरी जाते.